एंजल म्हणजे आणखी काय?

अंकल कुणाच्याही हातात काही देत नसत. चहाचा कप असो, घराची किल्ली असो, नाहीतर तुमच्या नावाने आलेलं टपाल असो, ते टेबलावर ठेवायचे आणि तर्जनीने तुमच्या दिशेने सरकवायचे. कप अर्ध्या वाटेवर आला की बोट मागे. पुढचं तुमचं तुम्ही बघा. मला आधी वाटलं, हे सोवळं आहे. नागपूरला माझी एक आत्या कामवालीच्या हातावर असेच वरून पैसे टाकायची आणि त्यावरून माझं तिच्याशी लहानपणीच वाजलं होतं. त्यामुळे त्यांच्याकडे भाड्याने राहायला आल्यावर पहिले काही दिवस मी अंकलशी कामापुरतंच बोलत होते.

शेवटी आंटींनीच ते ओळखलं. "सोवळं कसलं गं पोरी! लंडनच्या ट्यूब रेल्वेच्या तिकीटखिडकीत जन्म गेला ह्यांचा. काचेखालच्या खाचेतून तिकीट सरकवायचं, पैसे आत ओढायचे. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मला अंगठी आणली, तीसुद्धा ह्याच टेबलावरनं सरकवत."

"आणली ना पण?" अंकल पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

घर लंडनमध्येच, हॅरोला होतं, मेट्रोपोलिटन लाइनच्या रुळांना लागून. गाडी गेली की कपाटातल्या बश्या वाजायच्या आणि अंकल घड्याळात न बघता ती वेळेवर आहे की उशिरा ते सांगायचे. दोघं मूळचे अलिबागकडचे, बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. मूलबाळ नव्हतं. अंकल आपली ओळख "आम्ही शनिवार तेली" अशी करून द्यायचे, कारण कोकणात त्यांच्या वाडवडिलांचे तेलाचे घाणे शनिवारी बंद असत. सिनेगॉगला ते जुन्या मुंबईच्या सवयीने मशीद म्हणायचे आणि तिकडे सहसा फिरकायचे नाहीत. त्यांचा खरा धर्म वेगळाच होता, आणि तो मी खोली बघायला गेले त्याच दिवशी मला कळला.

मी सॉफ्टवेअरमधली, सिगरेट ओढत नाही, पाहुणे आणत नाही, वर्क परमिट पक्कं आहे, असं सगळं घोकून गेले होते. अंकलनी त्यातलं एक अक्षर विचारलं नाही. समोर बसवलं आणि म्हणाले, "एंजल म्हणजे काय?"

"देवदूत."

"ते शेंबड्या पोरालाही येतं. आणखी?"

"एंजल नावाचं स्टेशन आहे ना, नॉर्दर्न लाइनवर?"

"मी तिथंच होतो. आणखी?"

मी आंटींकडे बघितलं. त्या ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या आणि डोळ्यांनी मला सांगत होत्या, काहीतरी बोल बाई, नाहीतर खोली जाईल. मला एकदम आमच्या ऑफिसची आठवण झाली. "आमच्या कंपनीत सुरुवातीला ज्याने पैसा घातला, त्याला एंजल म्हणतात. एंजल इन्व्हेस्टर."

अंकलनी चष्मा वर केला. "हा नवीन आहे. कसाय माणूस?"

"पळाला. डॉटकॉम बुडाल्यावर. निम्म्या लोकांना घरी पाठवलं त्याने."

"व्वा!" अंकल इतके खूश झाले की जणू तो माणूस त्यांनीच पळवला होता. किल्ली टेबलावरून माझ्याकडे निघाली.

पुढे कळलं की त्या घरातल्या प्रत्येक भाडेकरूने त्या शब्दाचा एक नवा अर्थ आणून दिला होता. हा नाद लागला तो एका प्रवाशामुळे. खिडकीशी येऊन त्याने विचारलं होतं, ह्या जागेला एंजल का म्हणतात. अंकलना सांगता आलं नाही. रोज हजारो लोकांना आपण त्या नावाचं तिकीट देतो आणि आपल्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही, ह्याची त्यांना अशी काही लाज वाटली की सुट्टीच्या दिवशी ते लायब्ररीत जाऊन बसले. तिथे समजलं की स्टेशनच्या जागेजवळ पूर्वी त्या नावाची खानावळ होती. आणि पुस्तकात बाजूलाच दुसरं चित्र सापडलं. जुन्या इंग्लंडातलं एक सोन्याचं नाणं, त्यावर पंखवाला देवदूत पायाखालच्या राक्षसाला भाला मारतोय. त्या नाण्याचंही नाव एंजलच.

लिहून काही ठेवलं नव्हतं. भांडी घासताना ते सगळे अर्थ मोठ्याने म्हणायचे. हॉस्पिटलमधली नर्स एंजल. नाटकाला पैसा पुरवणारा एंजल. बर्फात उताणं पडून हात हलवले की उमटतो तो एंजल. तीन रंगांचा मऊ केक असतो तो, शेवयांसारखा बारीक पास्ता असतो तो, चपटा मासा असतो तो. त्यांचा सगळ्यात लाडका होता तो माझ्या आधीच्या भाडेकरूने आणलेला. तो पुण्याचा, विमानतळावर काम करायचा आणि नंतर हाउन्सलोला राहायला गेला. त्याने सांगितलं होतं की रडारच्या पडद्यावर कधीकधी ठिपका दिसतो आणि तिथे विमान नसतं, काहीच नसतं. त्या ठिपक्यालाही एंजलच म्हणतात.

नाण्याची गोष्ट मात्र ते राखून ठेवायचे, आणि पाहुणा जेवायला असला की हटकून सांगायचे. पूर्वी इथे गंडमाळा झालेली माणसं, म्हणजे गळ्याला गाठी आलेली, राजाकडे जात. राजा गळ्याला हात लावायचा आणि भोक पाडलेलं एंजल गळ्यात घालायचा. झाला पेशंट बरा! शेकडो वर्षं हा उद्योग चालला होता.

"एवढं होतं तर राजाला जीपी, फॅमिली डॉक्टर, का नाही केलं?" अंकल ताटावर चमचा आपटत म्हणायचे. "दवाखान्यात बसवायचा. ॲपॉइंटमेंट द्यायची. राजे सगळे थापाडे! आणि लोक त्याहून येडे."

एका कार बूट सेलमध्ये, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या बाजारात, त्यांना तसलं नाणं मिळालंही होतं. पितळेचं, वर पिवळा मुलामा दिलेलं, भोकासकट. ते शेकोटीवरच्या फळीवर असायचं. कुणी हातात घेतलं की अंकल सांगायचे, "नाणं खोटं आहे. भोक खरं आहे."

आंटींचा विश्वास दुसरीकडे होता. माझ्या परमिटची मुदत वाढवायची होती आणि कंपनीचं काही खरं नव्हतं, तेव्हा त्यांनी मला न सांगता एलियाहू हन्नबीला, म्हणजे त्यांच्या पैगंबराला, नवस बोलला होता. काम झालं तेव्हा मलिदा केला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. अंकल पहिल्या घासालाच सुरू झाले. "हा तुझा एलियाहू हन्नबी व्हिसाच्या ऑफिसात बसतो काय गं? कोणत्या काउंटरला?"

"तुमच्या खोट्या नाण्यापेक्षा माझे पोहे बरे," आंटी म्हणाल्या. "खाता तरी येतात." अंकलनी ताट दुसऱ्यांदा भरून घेतलं.

शुक्रवारी संध्याकाळी आंटी मेणबत्त्या लावायच्या. त्याआधी ठेवणीतली साडी नेसून, मोत्यांची एक माळ गळ्याशी धरून त्या अंकलकडे पाठ करून उभ्या राहायच्या. माळेचा हूक बारीक होता. अंकल तोंडाने "मान खाली घाल, हलू नको, अगं हलू नको" करत तो लावून द्यायचे आणि लावून झाल्यावर मानेवर हलकेच थोपटायचे. ह्या माणसाचा हात दुसऱ्या माणसाला लागताना मी पाहिला तो एवढाच. मी तेव्हा मुद्दाम कपाटात काहीतरी शोधायला वळायचे.

गाठ आंटींनाच लागली, थंडीत, आंघोळ करताना. गळ्याच्या डाव्या बाजूला, कानाखाली. जीपीने हॉस्पिटलला पाठवलं, हॉस्पिटलने स्कॅन केला, तुकडा काढून तपासला आणि लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर निघाला. केमो झाली. केस गेले, आंटी निम्म्या झाल्या, गाठ थोडी बसली आणि पुन्हा वर आली. मग एका दुपारी डॉक्टरांनी दोघांना बसवून अगदी गोड आवाजात सांगितलं की आता आपण त्यांना कम्फर्टेबल ठेवायचं.

"कम्फर्टेबल!" अंकल घरी येऊन मला म्हणाले. "सोफा विकतोय का तो?"

त्यानंतरच्या शुक्रवारी आंटी नेहमीसारख्या माळ घेऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. अंकल खुर्चीतून उठले नाहीत. "डोळे गेले माझे," ते म्हणाले. "हूक दिसत नाही. हिला सांग." ह्याच डोळ्यांनी ते रोज पेपरातल्या बारीक अक्षरातलं शब्दकोडं सोडवायचे. आंटी वळल्या. माझ्याकडे आल्या आणि मान खाली घातली. तेव्हापासून हूक मी लावायला लागले. पुढे स्कार्फ बांधायचा, तेल लावायचं, आंघोळीला मदत करायची, तेही ओघाने माझ्याकडे आलं. त्याचं मला काही नाही. पण अंकल औषधाच्या गोळ्यासुद्धा बशीत ठेवून पलंगाजवळच्या टेबलावरून बोटाने सरकवायचे, ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

भांडी घासताना अर्थ म्हणणं थांबलं होतं. एक दिवस सकाळी पाहते तर फळीवरचं नाणं गायब. ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर होतं, भोकातून काळा दोरा ओवलेला, आणि अंकल ते आंटींकडे सरकवत होते.

"घाल."

आंटींनी नाण्याकडे पाहिलं. "तुम्हीच म्हणायचात ना, राजे सगळे थापाडे?"

"थापाडेच. घाल."

आंटींनी मला खूण केली. मी तो दोरा त्यांच्या गळ्यात बांधला आणि त्या वेळी मला पहिल्यांदा ह्या माणसाची भीती वाटली. ज्या गोष्टीवर तो आयुष्यभर हसला, तीच आता त्याच्याकडे उरली होती.

ते राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवाचं वर्ष होतं. राणी गावोगाव फिरत होती आणि आमच्यापासून जवळच एका बागेत येणार होती. अंकलनी ते पेपरात वाचलं आणि दोन दिवस घरात नुसत्या येरझाऱ्या घातल्या. मग मला जिन्यात गाठलं.

"ते राजा-राणीने हात लावायचं कधी रद्द झालेलं नाही," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मी बघितलं. कायदाबियदा काही नाही. नुसतं बंद पडलंय. बंद पडलेली लाइन पुन्हा सुरू होते की नाही?"

"अंकल, तुम्ही सीरियसली बोलताय?"

"तुला सुट्टी मिळेल का त्या दिवशी? व्हीलचेअर बसमध्ये चढवायला मला एकट्याला जमायचं नाही."

मी सुट्टी घेतली. काय बोलणार होते! आंटी तर मजेत होत्या. त्यांनी अंगणातले गुलाब स्वतः कात्रीने कापून घेतले, लिपस्टिक लावली, विगवर रेशमी स्कार्फ बांधला. बसमध्ये मला म्हणाल्या, "लग्नानंतर पहिल्यांदा हे मला कुठंतरी स्वतः होऊन नेतायत."

व्हीलचेअर बघून लोकांनी आम्हाला कठड्याजवळ पुढे जागा दिली. अंकल सूट घालून आले होते. तासन् तास आम्ही उभे होतो आणि ते ओठातल्या ओठात एकच वाक्य घोळवत होते. "युवर मॅजेस्टी, इफ यू वुड बी सो काइंड." मधूनच आंटींना सांगत होते, "स्कार्फ सैल कर. गळा दिसला पाहिजे. नाणं बाहेर काढ." आंटी सगळं मुकाट्याने करत होत्या. कानाखालची ती गाठ उन्हात उघडी पडली होती, शेजारची एक गोरी बाई तिकडे बघून नजर वळवत होती आणि मला त्या गर्दीत मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

राणी आली. मला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ लहानखुरी. आंटींनी गुलाब पुढे केले. राणी थांबली, किंचित वाकली, गुलाब घेतले. घेताना तिची बोटं आंटींच्या बोटांना लागली असतील नसतील. मी अंकलकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडं होतं आणि त्यातून काही बाहेर येत नव्हतं. इतकी वर्षं काचेआडून लोकांशी बोललेला माणूस, आज मध्ये काच नव्हती तर त्याची वाचा बसली. राणी पुढे सरकली. मागून येणाऱ्या, तिच्या लवाजम्यातल्या एका बाईने गुलाब सांभाळत आंटींना प्रेमाने विचारलं, "हॅव यू कम फार?"

"अलिबाग," आंटी म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये अंकल आंटींच्या समोरच्या सीटवर बसले. दोन-तीन स्टॉप गेल्यावर म्हणाले, "हातमोजा होता."

मी व्हीलचेअरचा ब्रेक पुन्हा दाबून पाहिला.

"पांढरा. कापडाचा. मी बघितला. हात नाहीच लागला. हातमोजा लागला." थोड्या वेळाने पुन्हा, "त्या काळी हातमोजा काढत असणार. काढतच असणार. नाहीतर गुण कसा येईल?"

आंटींनी डोळे मिटले होते. मला वाटलं, झोपल्या. त्या डोळे न उघडताच म्हणाल्या, "तुमच्या हातात कुठं हातमोजा आहे?"

रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ते स्टेशन कुठलं आलं विचारावं तसं विचारलं. अंकलनी आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं, ते कोटाच्या खिशात घातले आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. मला त्यांचा इतका राग आला होता की खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटलं. तो राग आजही पुरता गेलेला नाही. अरे, एवढं सोपं होतं ना!

आंटी त्यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत. हॉस्पिटलमध्येच वारल्या, भरदुपारी, मी हात धरून बसले होते. अंकल पलंगाच्या पायथ्याशी खुर्चीवर होते. नर्सने त्यांना सांगितलं, "यू कॅन होल्ड हर, लव्ह." ते उठले, दोन पावलं पुढे आले आणि ब्लँकेटची सुरकुती बोटाने सरळ करून परत जाऊन बसले.

त्यांच्यात बाईमाणूस गेलं तर आंघोळ बायकाच घालतात. नवऱ्याला आत येता येत नाही. समाजातल्या तीन म्हाताऱ्या बायका आल्या, बाह्या वर केल्या आणि दार लावून घेतलं. अंकल बाहेर त्या दाराशी उभे राहिले. नाणं हॉस्पिटलने परत दिलं होतं, ते त्यांनी आतून बाहेर आलेल्या एका बाईपुढे धरलं. "एवढं तिच्या गळ्यात राहू दे."

"नाही हो भाऊ," ती म्हणाली. "आपण कुणासोबत काही पाठवत नाही. नुसतं पांढरं कापड." आणि पुन्हा दार लागलं.

सात दिवसांच्या सुतकात अंकल रिवाजाप्रमाणे जमिनीलगतच्या एका बुटक्या स्टुलावर बसून होते. लोक यायचे, अंडी आणि डाळ ठेवून जायचे. हाउन्सलोहून तो विमानतळावरचा पुणेकर आला. तोही अंड्यांचा डबा ठेवून खाली बसला. मग अंकलनीच त्याला विचारलं, "तो तुमचा रडारवरचा ठिपका. पडद्यावर दिसतो आणि तिथं कुणीच नसतं. मग तुम्ही लोक काय करता?"

तो बिचारा गोंधळला. "काही नाही अंकल. इग्नोअर करतो. थोड्या वेळाने जातो आपोआप."

अंकलनी मान हलवली. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

आठव्या दिवशी मी ऑफिसातून आले तर ते स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. समोर ते नाणं होतं, दोऱ्यासकट. मी चहा केला आणि दोघांचे कप घेऊन समोर बसले. एक गाडी गेली, बश्या वाजल्या, आणि ती वेळेवर होती की उशिरा ते त्यांनी सांगितलं नाही.

"तू हात लावायचीस ना," ते म्हणाले. "शुक्रवारी. माळ घालताना."

"हो."

"गाठीला?"

"लागायचाच हात. तेल लावताना तर मुद्दाम लावायचे."

"केवढी होती?"

ती गाठ ह्या माणसाने रोज पाहिली होती. त्या दिवशी बागेत, उन्हात पाहिली होती. पण नुसतं बघून केवढी ते कळत नाही, हे मला तेव्हा कळलं. मी उजव्या हाताचा अंगठा आणि बोटं जवळ आणून टेबलावर धरली. "आधी सुपारीएवढी. शेवटी लिंबाएवढी."

"आणखी?"

"गरम असायची. बाकीच्या अंगापेक्षा जरा जास्त."

"आणखी?"

"मऊ नव्हती. हलायची थोडी, बोटाखाली." मला रडू यायला लागलं होतं, पण ते विचारत होते. "माझी बोटं गार असायची. तिथं टेकली की आंटी म्हणायच्या, असू दे, बरं वाटतं."

अंकलनी तर्जनी पुढे केली. टेबलावरून सरकवत सरकवत ती माझ्या हाताकडे आणली, जिथे माझी बोटं अजून तशीच लिंबाएवढी जागा धरून होती. अर्ध्या वाटेवर बोट थांबलं.

"आणखी?" ते म्हणाले.